विकत आणलेली हरळी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी थोरल्या वहिनींचं नाव घेतो. आई-वडिलांचं घेत नाही याचं काही नातेवाइकांना वाईट वाटतं. पण वडील मी दुसरीत असताना गेले, आईनं त्यानंतर अंथरूण धरलं, आणि माझी पाटी, माझं दप्तर, माझ्या परीक्षा हे सगळं वहिनींच्या वाट्याला आलं. त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा माझ्या नाकाला शेंबूड होता. तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'भावजी' आणि 'तुमी' असंच म्हटलं. आमच्याकडं रीत तशी आहे, दीर केवढाही असला तरी दीर. "भावजी, नाक पुसा," असं त्या म्हणायच्या.

आमचं गाव गारगोटीच्या पुढं. सातवी झाल्यावर मी बैलांमागं जावं, असं दादाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, म्हणणं होतं. वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "बैलांमागं तुमी हायसा की. एका जोडीमागं दोन माणसं कशाला?" मी गारगोटीच्या हायस्कुलात गेलो, नंतर कोल्हापूरला कॉलेजात. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ती घेईपर्यंतची सगळी वर्षं वहिनी दुसऱ्यांच्या शेतात हरळी वेचायला जात होत्या.

ज्यांनी शेती केलेली नाही त्यांना हरळी म्हणजे गणपतीला वाहायच्या दूर्वा एवढंच माहीत असतं. उसाच्या रानात तिच्यासारखा दुसरा वैरी नाही. नांगरट झाली की बायका नांगरामागं वाकून तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालून पसरणारी मुळं, वेचत जातात. बोटभर तुकडा मागं राहिला तरी त्याची पुन्हा चादर होते. वेचलेल्या काशा बांधावर नुसत्या टाकून चालत नाही, त्या तिथंही धरतात. वाळवून जाळाव्या लागतात. वहिनींची कंबर या कामात गेली. माझी फी कुठून आली हे मला तेव्हाही माहीत होतं.

नव्वदीनंतर मी कोल्हापुरात शिक्षक झालो आणि काही वर्षांनी कागल रोडच्या बाजूला एका गृहनिर्माण संस्थेत लहानसं घर घेतलं. घरं चारी बाजूंनी आणि मधे मोकळी जागा. तिथं कुणीतरी पूर्वी हिरवळ लावली होती. दर गणपतीला तिच्यात मांडवाचे खड्डे पडायचे, लग्नसराईत आचारी तिथंच चुली मांडायचे, आणि उरलेलं वर्ष पोरं क्रिकेट खेळायची. चाई पडलेलं डोकं दिसावं तशी ती दिसायची. कुठं दाट पुंजका, तर कुठं उघडी, टणक माती.

या जागेसमोरच संस्थेच्या चेअरमनचा बंगला होता. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला गृहस्थ. मला तो माणूस आवडत नव्हता. आजही आवडत नाही. इतक्या वर्षांनी राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

एका हिवाळ्यात वहिनींना मी कंबरेच्या उपचारासाठी कोल्हापूरला आणलं. डॉक्टरांनी शेक सांगितला होता आणि सकाळी उन्हात बसायला सांगितलं होतं. आमच्या घराला सकाळचं ऊन नव्हतं. म्हणून वहिनी मधल्या मोकळ्या जागेत जाऊन त्यातल्या त्यात हिरव्या पुंजक्यावर पाय लांब करून बसायच्या. चार-पाच दिवस बसल्या. मग एकदा चेअरमन फिरून येताना त्यांच्यापुढं थांबला. मी शाळेत होतो, बायको भाजीला गेली होती. शेजारच्या काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी हे ऐकलं आणि आम्हाला सांगितलं.

"ए बाई, कुणाकडं कामाला हाईस?"

वहिनींनी आमच्या घराकडं बोट दाखवलं.

"मास्तरकडं?"

"व्हय."

"मग काम टाकून हितं काय बसलीयास? ही जागा मेंबरांची हाय. ऊठ."

वहिनी जमिनीला हात टेकून, दोनदा थांबत उठल्या आणि घरात आल्या.

संध्याकाळी मी विचारलं, "वैनी, तुम्ही व्हय का म्हणालात?"

"मग काय म्हणू? ह्या लुगड्यात मी तुमची वैनी हाय म्हणून सांगू? तुमास्नी हितं ऱ्हायाचं हाय. मी काय, चार दिसांचा पावणा."

"मला त्याची लाज वाटते असं वाटलं तुम्हाला?"

"तुमास्नी न्हाय वाटत. त्येंच्या तोंडाकडं बघून मला वाटली," त्या म्हणाल्या. "मी उद्या जातो गावाला. परत न्हाय यायचो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, 'जातो', 'यायचो'. ऐकणाऱ्याला त्यात जोर वाटतो. वहिनींच्या त्या 'न्हाय'मध्ये तो खरोखरच होता. उपचार निम्म्यावर टाकून त्या दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्या.

त्याच्या आदल्या संध्याकाळीच मी चेअरमनकडं गेलो होतो. तो व्हरांड्यात पेपर वाचत होता.

"सकाळी तुम्ही ज्यांना उठवलं त्या माझ्या वहिनी."

"असं व्हय? मग त्यांनी सांगायचं की तसं! मी इचारलं, त्या व्हय म्हणाल्या. त्यात माझी काय चूक?"

"तुम्ही 'ए बाई' म्हणालात."

"मास्तर, बाईला बाई म्हणू नको तर काय बाबा म्हणू?" तो आपल्याच बोलण्यावर हसला. "आन् बसून बसूनच तिथलं गवात गेलंय. तुमची वैनी बसली काय आन् कोण बसलं काय. मी तर सगळ्यावर शहाबादी फरशी टाकणार हाय. गाड्या लावायला बरं."

नुकतीच त्याच्या दारात नवी गाडी आली होती.

मी घरी आलो तो ठरवूनच. ही हिरवळ दाट करायची, आणि वहिनींना तिच्या मधोमध, चेअरमनच्या व्हरांड्यासमोर बसवायचं. सगळ्या कॉलनीला त्या कोण आहेत ते कळेल असं बसवायचं. हा विचार काही थोर नव्हता. त्यात सूड होता आणि मला त्याची चव आवडत होती.

गुढीपाडव्याच्या सुमारास संस्थेची सभा झाली. आमच्या जिल्ह्यात दूध संस्था असो, विकास सोसायटी असो की आमच्यासारखी चार घरांची संस्था, सभेची एक रीत आहे. ठराव वाचून व्हायच्या आत मागून 'मंजूर! मंजूर!' असा आवाज उठतो आणि ज्याचा घसा मोठा त्याचा ठराव होतो. मी हे लहानपणापासून बघितलं होतं. म्हणून फरशीचा विषय निघताच उभा राहिलो आणि ओरडलो, "नामंजूर!"

"का म्हणून नामंजूर?" चेअरमन म्हणाला. "तिथं हाय काय? धुरळा हाय."

"बी पेरलं तर गवत दाट होतं. आहे ते उपटायचंसुद्धा नाही, त्यातच पेरायचं."

"ऐका! मास्तर गवताची शेती करणार."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "करू द्या की. पदरचं करत्यात, आपलं काय जातंय?"

चेअरमननं मान हलवली. "बरं. दसऱ्यापर्यंत मुदत. न्हाय झालं तर फरशी. आन् मास्तर, पेरल्यावर त्यात कोण फिरलेलं चालंल का?"

"अजिबात नाही. कोवळा कोंब पायाखाली मरतो."

"मग लिहून घ्या. मोकळ्या जागेभोवती दोरी बांधावी, कोणीही आत जाऊ नये, बसू नये, खेळू नये."

मला तर हेच हवं होतं. "मंजूर!" मी ओरडलो. त्या दिवशी माझ्याइतका मोठा आवाज कुणाचाच नव्हता.

हिरवळीचं बी म्हणजे शेवटी हरळीचंच. ते आणायला मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "पावणं, गाव कुठलं?"

"गारगोटीकडचं."

"आन् हरळीचं बी मागतायसा? घरात ठावं हाय का?"

घरात ठाऊक नव्हतं. रविवारी गावी गेलो तेव्हा सांगितलं. दादा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. "एवढं शिकून ह्येच आलं व्हय? आरं, बांधावर ये, पोतं भरून काशा देतो."

वहिनी हसल्या नाहीत. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. "हरळी इकत आणलीसा?"

"हिरवळीसाठी, वैनी. तुम्हाला बसायला."

"माझी कंबर जिच्यापायी गेली ती तुमी पैसं दिऊन पेरणार. आन् वर माझ्या नावानं." त्यांनी भाकरी तव्यावर आपटली. "पेरा. पर मला बसायला म्हणू नका. मी न्हाय यायचो म्हटलंय न्हवं?"

मी ताट सारून उठलो, पण बी परत केलं नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागताच कामाला लागलो. होतं ते गवत विळ्यानं बुडापर्यंत कापलं. उघड्या जागांची माती दाताळ्यानं खरवडून भुसभुशीत केली. बी मोहरीपेक्षाही बारीक, हातात धरलं तर कळत नाही. ते वाळूत मिसळून एकदा उभं आणि एकदा आडवं फेकलं, वर चाळलेलं शेणखत भुरभुरलं. इथपर्यंत सगळं पाकिटावर छापल्याप्रमाणे झालं. पाकिटावर 'हलके पाणी द्यावे' असंही छापलं होतं. पण मी उसाच्या घरातला माणूस. पाणी द्यायचं म्हणजे पाट मोडून रान भरून काढायचं, तहान भागली की नाही ते पायाला कळलं पाहिजे, हेच माझ्या हाडात होतं. संस्थेच्या टाकीला मोठी नळी लावली आणि जागा तुडुंब भरली. बी मातीत रुतेल असं मला वाटलं होतं. ते तरंगलं. खत घेऊन, वाळू मागं टाकून, उतारानं गेलं आणि सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात, चेअरमनच्या कुंपणाच्या भिंतीला जाऊन लागलं.

दोन आठवड्यांनी तिथं, त्याच्या फाटकाला लागून, हिरवागार पट्टा उगवला. बाकी सगळीकडं होती तीच चाई.

चेअरमननं लोकांना बोलावून दाखवलं. "मास्तर, आभारी हाय! माझ्या दारात बाग केलीसा." आणि मग मोठ्यानं, "ऊस लावलावता काय? पाट फोडून पाणी दिलंय गड्यानं!"

त्यानंतर मी जागेकडं निघालो की कुणी ना कुणी विचारायचं, ऊसतोड कधी आहे, तोडणीची टोळी कुठली येणार. त्याचा राग म्हणून शाळेतल्या पोरांवर त्या दिवसांत मी उगाच ओरडलो असेन.

वळवाचे दोन सडाके येऊन गेल्यावर पुन्हा बी आणलं. या खेपेला झारी घेतली. साळुंक्या बी टिपायला उतरतात म्हणून गहू भरायची जुनी तरटं उसवून पसरली आणि त्यांच्यावरून पाणी शिंपडलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, माती ओली राहील पण वाहणार नाही इतकंच. तर दुपारी टाकीचा नळ बंद मिळायला लागला. विचारलं तर चेअरमन म्हणाला, "उन्हाळा हाय. पाणी माणसाला प्यायला, गवताला न्हाय." त्या वेळी त्याचा ड्रायव्हर गाडी धूत होता. मी घरच्या बादल्या आणल्या. बायकोनं दोन दिवस बघितलं, मग धुण्याची बादली उचलून तीही आली. चेअरमनच्या व्हरांड्यासमोरून जाताना ती मुद्दाम बादली आपटायची.

कोंब आले तेव्हा ते दिसत नव्हते. खाली वाकून, उन्हाकडं तोंड करून बघितलं तर मातीवर हिरवट लव दिसायची. तरटं काढली. मग कोंबांना गाठी आल्या आणि गाठींतून आडव्या फांद्या सुटल्या. त्या जुन्या पुंजक्यांकडं सरकू लागल्या. पावसाळाभर उघडीप मिळाली की मी कात्रीनं शेंडे कापायचो. शेंडा कापला की ती आडवी पसरते. जे तिला मारण्यासाठी आम्ही पिढ्यान् पिढ्या करत आलो, त्यानं ती माजते हे मला शेतातच माहीत झालं होतं. गणपतीच्या सुमारास जुनं गवत कुठलं आणि नवं कुठलं हे मलाही सांगता येईना. त्या वर्षी मांडव रस्त्यावर घातला.

दसऱ्याच्या आधी सभा झाली. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढं बसलो. चेअरमन उभा राहिला. "मास्तरांनी दावलं बरं का. गवात झालंय, कबूल केलं पायजे. फरशीचा विषय रद्द."

"मंजूर! मंजूर!"

मी हात जोडून उभा राहिलो. म्हणालो, "आता दोरी सोडतो. सगळ्यांनी बसा, मुलांना—"

"दोरी?" चेअरमन म्हणाला. "दोरी कशाला सोडायची? एवढं कष्टानं आणलेलं गवात परत तुडवायला? ठराव हाय न्हवं? जाऊ नये, बसू नये, खेळू नये. कवापातूर ते काय त्यात लिवलेलं न्हाय. मास्तर, तुमीच मंजूर म्हणालावता. सगळ्यांत मोठ्यांदा."

लोक हसले. त्यात वाईट हेतू होता असं नाही, सगळ्यांना ते आठवत होतं एवढंच.

"ते कोंब लहान होते म्हणून," मी म्हणालो.

"आता मोठं झालंय तर जास्तच जपाय पायजे. बघाय कसं झ्याक दिसतंय! दोरी कायम ठेवावी."

"नामंजूर!" मी ओरडलो. पण मागून 'मंजूर'ची लाट आली आणि माझा आवाज तिच्याखाली गेला. चहा आला. चहा न पिता मी बाहेर पडलो.

पुढं काही दिवस मी रोज त्या दोरीबाहेर उभा राहून आत बघत होतो. माझ्या हातानं आणलेली, दाट, कुणाचाही पाय नसलेली हरळी. चेअरमन व्हरांड्यातून मला बघायचा आणि हात वर करून नमस्कार करायचा. मग एका रविवारी मी जे केलं ते करून घरी आलो आणि वहिनींना पत्र लिहिलं. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या पत्र स्वतः वाचतात, बोट ठेवून, दुसऱ्याला देत नाहीत. म्हणून मी मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलं. ते असं होतं:

वैनी,

पाया पडतो. दादाला नमस्कार.

गवत आलं. तुम्हाला राग येईल, पण चांगलं आलं. मी आलो तेव्हा तुम्ही भाकरी आपटली होती ती मी विसरलेलो नाही. तरी लिहितो.

इथल्या लोकांनी ठराव केलाय की गवतावर कुणी बसायचं नाही. त्या ठरावाला मीच आधी मंजूर म्हणून बसलो होतो. मला वाटलं होतं, कोंब मोठे होईपर्यंतच असेल. तुम्ही म्हणाल, एवढं शिकून सभेत पुढचं ऐकून घ्यायला आलं नाही. खरं आहे.

आज सकाळी नऊ वाजता, सगळे अंगणात असताना, मी दोरी सोडली. गुंडाळून चेअरमनच्या फाटकाला अडकवली आणि मधोमध जाऊन बसलो. तो बाहेर येऊन खूप बोलला. नोटीस काढतो म्हणाला. मी उठलो नाही. बाकी कुणी येऊन माझ्याशेजारी बसलं नाही. शेजारच्या काकू गच्चीवरून बघत होत्या. थोड्या वेळानं पोरं आली आणि त्यांनी स्टंप ठोकले. मी त्यांच्यावर ओरडलो, निघा म्हणून. मग माझं मलाच कसंतरी झालं. कोपऱ्यात खेळा म्हटलं.

नोटीस येईल तेव्हा येईल. घर माझं आहे, मी मेंबर आहे, ते काय करतील. दंड केला तर भरेन. पण रोज सकाळी शाळेला जायच्या आधी मी तिथं बसणार आहे.

तुमच्या शेकाचे दिवस निम्मे राहिलेत. डॉक्टरांना विचारलं, पुन्हा सुरू करता येतो म्हणाले. दिवाळी झाली की या. तुम्ही नाही म्हटलंय हे मला माहीत आहे. मी बैलांमागं जावं असं दादापण म्हटला होता. तेव्हा तुम्ही ऐकलं नाही.

आलात तर ते लुगडंच नेसून या, दुसरं नको. चेअरमन विचारेल कुणाकडं आलाय. दिराकडं म्हणायचं. मोठ्यांदा म्हणायचं, त्याला ऐकायला कमी येतं असं समजून.

गारगोटीहून सकाळच्या गाडीला बसा, दादाला बसवायला सांगा. मी स्टँडवर येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणा. खुरपं आणू नका. हरळी दिसली की तुमचा हात राहत नाही.

तुमचा,
भावजी